दारात थांबलेला जनाजा

बिस्मिल्ला.
झिफ्ता, ६ मार्च १९७७

चि. फौझीस,

इन्शिराहताईचे अ. उ. आ. वि. वि. तुझ्या कानावर भलतंसलतं जायच्या आत मीच लिहिते आहे. आधी पत्र शेवटपर्यंत वाच, मग काय आरडाओरडा करायचा तो कर. आणि तोही बिचाऱ्या तहिय्यावर करू नकोस, तुझ्या बायकोचा यात काडीचा संबंध नाही.

गवई शौकी दम्हूजी गेला हे तुला ठाऊक असेलच. तू घरात रेडिओ ठेवत नाहीस, पण सगळा देश रडतो आहे म्हटल्यावर थोडं रडणं तुझ्या खिडकीतूनही आत आलं असेल. जन्म आपल्या झिफ्त्याचा, म्हणून माती इथलीच. परवा दुपारी पुलापाशी मोटारीतून उतरवून लोकांनी त्याला खांद्यावर घेतला. नाईलपलीकडच्या मीत गम्रहूनसुद्धा माणसं लोटली होती. छपरांवर बायका, खांबांवर पोरं. मी दार लावून कोबीच्या पानांत भात भरत बसले होते. मला गर्दी सोसत नाही, हे तुला माहीत आहे.

तर जनाजा आपल्या गल्लीत शिरला. सरळ मशिदीकडे जायचा, तो माझ्या दारासमोर वळला आणि मयताच्या पेटीचं तोंड धाडकन दारावर आपटलं. मी भाताच्या हातांनी दार उघडलं, तर नाकासमोर पेटी! पुढच्या दांड्याखाली हिल्मी न्हावी, डोळे पांढरे करून ओरडतोय की पेटी हलत नाही, पेटी ओढतेय, साहेबांना इथंच थांबायचंय. आपल्याकडे पेटी अडली की लोकांना दुसरं काही सुचतं का? संत-वली असला तर त्याची इच्छा, आणि गवई असला तरी इच्छाच. सगळे अल्लाहु अकबर करायला लागले. मी हिल्मीवर खेकसले, अहो घर चुकलात, हे घर नव्हे, पुढे व्हा, लोक खोळंबलेत. एवढंच बोलले, आणि पेटी हलली.

आता खरं कारण ऐक. त्या सकाळी हिल्मीच्या दुकानापुढे नळ फुटून चिखल झाला होता. पुढच्यांचे पाय घसरले म्हणून ते माझ्या कोरड्या पायरीकडे सरकले. मागचे रेटत होते, त्यामुळे त्यांना परत फिरता येईना. मागच्यांना दम लागला तेव्हा वाट मिळाली. पण मी बोलले आणि पेटी हलली हे हजार लोकांनी पाहिलं, चिखल कुणी म्हणजे कुणीच पाहिला नाही. कालपासून मी दम्हूजीची गुप्त बायको आहे.

घाबरू नकोस. चार दिवस बोलतील आणि विसरतील. मुलांना पापे दे. माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस, निदान या आठवड्यात तरी.

तुझी
इन्शिराहताई

◆

बिस्मिल्ला.
शुब्रा, कैरो, १३ मार्च १९७७

ती. ताईच्या सेवेशी,

फौझीचे सा. सलाम वि. वि. चार दिवस होऊन गेले आणि कुणी काही विसरलेलं नाही. या आठवड्याच्या रंगीत साप्ताहिकात तुझ्या दाराचा फोटो आहे, पूर्ण पानभर. खाली छापलंय, पेटीशी ती काय कुजबुजली? एक म्हणतो तू म्हणालीस, जा राजा, मीही मागून येतेच. दुसरा म्हणतो तू म्हणालीस, दिलेला शब्द मी पाळला. तू हिल्मी न्हाव्याला झापलंस हे कुणालाच सुचलेलं नाही.

काल कचेरीत साहेबांनी मला आत बोलावलं. मला वाटलं काही चुकलं. त्यांनी चहा मागवला, दार लोटलं आणि हळूच विचारलं की शौकीसाहेब घरी असताना गुणगुणत का. ताई, मी काय उत्तर देणार? हा शौकी माझ्या वर्गात होता. त्याचं नाक वाहायचं आणि तो ते माझ्या बाहीला पुसायचा. मला त्याची तेवढीच आठवण आहे. आणि आता माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस मला सांगतो की दम्हूजी मेलाच नाही, पेटीत दगड होते, तो अलेक्झांड्रियाला दाढी वाढवून मासे विकतो. मग तोच माणूस विचारतो की तुमच्या बहिणीचं आता कसं होणार. मेला नाही तर माझ्या बहिणीला काय होणार आहे? पण यांना दोन्ही हवंय.

थट्टा पुरे. बाबांनी आयुष्यभर त्याच गल्लीतल्या मशिदीत बांग दिली. भावजींना जाऊन इतकी वर्षं झाली, तू मान वर करून कुणाकडे पाहिलं नाहीस. त्या सगळ्याचं या लोकांनी आठ-दहा दिवसांत मातेरं केलं. मला झोप लागत नाही. मी ठरवलंय, पेपरात रीतसर खुलासा द्यायचा. तुझी सही लागेल. तू फक्त हो म्हण.

मुलं खुशाल आहेत. असाच लोभ असू दे आणि दाराला आतून कडी असू दे.

तुझा
फौझी

ता. क. वन्सं, हे अंघोळीला गेलेत तेवढ्यात दोन ओळी खरडते. मला तरी खरं सांगा हो! मी कुणाला म्हणून सांगणार नाही. त्यांच्या घशात मोती होता, लहानपणी गिळलेला, म्हणून आवाज तसा लागायचा म्हणतात. तुम्हाला कधी जाणवलं का? आले वाटतं हे. तुमची तहिय्या.

◆

बिस्मिल्ला.
झिफ्ता, १९ मार्च १९७७

चि. फौझीस अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तहिय्याला सांग, मी त्या माणसाच्या तोंडात कधी डोकावले नाही, मोती असला तर तो आता मातीत गेला.

तू कडी लाव म्हणतोस. कडी काय उपयोगाची? खिडकीच्या गजांना मुली केसांच्या फिती बांधून जातात. लग्न जमावं म्हणून! मी संध्याकाळी सोडते, सकाळी पुन्हा तितक्याच. दारावरचा तो पितळी हात कुणी उपसून नेला, आता लोक मुठीने ठोकतात. पायरीवर एक बाई तुरमुसाचे खारे दाणे विकायला बसते, तिच्या टोपलीत दम्हूजीचे फोटोही आहेत. परवा मंसूराहून एक म्हातारी आली, माझ्यापुढे पाण्याचा तांब्या धरला, म्हणाली फुंकर घाल, नातीचा आवाज बसलाय. मी म्हटलं, आजी, तिला जवसाचा काढा द्या. तर ती म्हणते कशी, बघा, किती साधी राहते, ओळखसुद्धा देत नाही!

हिल्मीकडे मी स्वतः गेले. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, त्यांच्यादेखत म्हटलं, चिखल होता की नाही ते सांगा. तो कुराणाची शपथ घेऊन म्हणाला, इन्शिराहबाई, चिखल होता, पण मला चिखलाने नाही ओढलं, माझ्या मानेवर हात होता. खोटं बोलत नव्हता रे. त्याला खरंच तसं वाटलंय. आता त्याला समजवायचं तरी कसं? त्याच्या दुकानासमोर रांग लागते, ती निराळी. दम्हूजीच्या भावांनी निरोप धाडला की बाई इस्टेटीत काही मागत नाही तोवर आमची ना नाही. मी काय मागणार होते त्यांच्याकडे?

एक गोष्ट तुला सांगते, रागावू नकोस. पहिले दोन दिवस मला बरं वाटलं होतं. विधवा, त्यात मूलबाळ नाही, त्यामुळे या गल्लीतल्या मेंदीला मला कुणी बोलावत नसे, तुला ते माहीत नाही, मी कधी लिहिलं नाही. आता नवऱ्या मुलीच्या शेजारी बसवतात. पण मग लक्षात आलं की आता मला कुणी इस्माईलची बायको म्हणत नाही. स्टेशनमास्तर इस्माईल या गावात होऊन गेला की नाही, अशी गत. त्या माणसाने माझ्या आजारपणात स्वतः पोळ्या भाजल्या होत्या. त्याला असं पुसून टाकलेलं मला सहन होत नाही.

तेव्हा माझी ना नाही. मजकूर तू लिही, मी सही करून देते. चाळिसाव्याच्या आधी छापून येऊ दे. गावची मंडळी चाळिसाव्याचा कुराणपठणाचा मांडव माझ्या दारासमोर घालणार म्हणताहेत, आणि मला खुर्चीवर बसवणार आहेत.

तुझ्या मायेचीच काय ती सोबत आहे, ती राहू दे.

इन्शिराहताई

◆

बिस्मिल्ला.
शुब्रा, कैरो, २५ मार्च १९७७

ती. ताईस फौझीचे सा. सलाम वि. वि.

अल्हम्दुलिल्ला! तुझा होकार आला आणि मी त्या रात्री जेवलो. मजकूर सोबत आहे. मी, अमुक, दिवंगत इस्माईल यांची पत्नी, जाहीर करते की गायक दम्हूजी यांच्याशी माझी ओळखदेखील नव्हती, वगैरे. नळ फुटल्याचाही उल्लेख केला आहे. शेवटी खूण केली आहे तिथे सही कर आणि उलट टपाली पाठव.

साप्ताहिकाच्या संपादकाला प्रत्यक्ष भेटलो. मला वाटलं होतं तोंड लपवील. तो खो खो हसला. म्हणाला, आणा ना, पहिल्या पानावर छापतो, ही नाही तर मग कोण, हे त्याहून चांगलं चालेल. दम्हूजीच्या ड्रायव्हरला त्यांनी बोलतं केलंय. दर गुरुवारी साहेबांना दमियात शहरात सोडायचो, गल्लीच्या तोंडाशी, पुढे ते चालत जायचे, एवढं तो सांगतो. तुझा खुलासा आला की संपादक दोन माणसं आणि एक फोटोवाला दमियातला पाठवणार, दारोदार विचारत फिरायला.

मी म्हटलं, खुशाल पाठवा. जी असेल ती असेल. दुसऱ्या कुणाच्या पायरीवर जाऊन बसू दे हा बाजार, आपली पायरी मोकळी होऊ दे. मी अगदी हेच म्हटलं आणि मला त्याची लाज वाटत नाही.

वेळ लावू नकोस. आशीर्वाद आहेतच, सहीचीही जोड दे.

तुझा
फौझी

◆

बिस्मिल्ला.
झिफ्ता, ३ एप्रिल १९७७

चि. फौझीस,

अ. उ. आ. वि. वि. हे पत्र एकटा असताना वाच आणि वाचून झाल्यावर चुलीत घाल. तहिय्यालाही तोंडीच सांग, ती आपल्या घरची आहे.

तुझा कागद आला तेव्हा मी लगेच पेन उघडलं होतं. खरंच सही करणार होते. तेवढ्यात दारावर मुठी वाजल्या. फिती बांधणाऱ्या बायका असतील म्हणून मी करवादूनच दार उघडलं. चार-पाच जणी होत्या, त्यांच्या मागे एक काळा रुमाल बांधलेली, पस्तिशीची असेल. बाकीच्या रडून, माझा हात कपाळाला लावून गेल्या. ही गेली नाही. म्हणाली, मी दमियातहून आले, आत येऊ का?

तुझ्या पत्रातलं दमियात माझ्या डोक्यात होतंच. मी तिला आत घेतली आणि कडी लावली.

नाहिद तिचं नाव. मुलींच्या शाळेत शिकवते. पहिला नवरा गेला, त्याची एक मुलगी आहे, आठ वर्षांची. दुसरं लग्न केल्याचं कळलं तर पोरगी बापाच्या आईकडे जाते, कायदा तुला मी सांगायला नको. ती म्हातारी आजही टपलेली आहे. म्हणून दोन साक्षीदार आणि बंद दार, असं तिचं नि शौकीचं लग्न झालं. गुरुवार तेवढा त्यांचा. मी आधी विश्वास ठेवला नाही, आजकाल माझ्या दारात त्याच्या बायका पुष्कळ येतात. पण ही त्याच्या आवाजाबद्दल एक अक्षर बोलली नाही. म्हणाली, त्यांना डाव्या कानाने काही ऐकू येत नसे, म्हणून जेवताना मी उजवीकडे बसायची. म्हणाली, मुलीला गणितं शिकवायचे आणि स्वतःच चुकायचे. असलं कुणी कशाला रचून सांगेल?

मला वाटलं भांडायला आली असेल. भांडली असती तर फार सोपं झालं असतं. ती माझ्याकडे बघत बसली आणि तिने विचारलं, तुम्ही त्यांना काय करून घालत होता? फौझी, तिचाही विश्वास बसलाय! ती म्हणाली, पेटी खोटं बोलत नाही. मला वाटत होतं मीच एकटी आहे, आणि शेवटी ते तुमच्या दारी आले. मी फक्त तुम्हाला बघायला आले, मला हवं होतं की कळावं, माझ्यात काय कमी होतं.

मी तिला चिखल सांगितला. नळ सांगितला, मागचं रेटणं सांगितलं. ती मान हलवत राहिली, म्हणाली, ताई, माझी समजूत नका काढू. तिने विचारलं, तुम्ही काय बोललात त्यांच्याशी? पेपरात आलंय ते खरं का? मला खरं सांगा, माझी हरकत नाही.

आता जे खरं तेच मी तिला सांगितलं. म्हटलं, मी एवढंच बोलले, की घर चुकलात, हे घर नव्हे, पुढे व्हा. ते मी हिल्मीला बोलले होते, हे मात्र माझ्या तोंडून निघालं नाही. निघणार होतं, जिभेवर होतं. पण तिचा चेहरा बदलला आणि मी गप्प बसले.

तिने मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग अगदी हळू म्हणाली, म्हणजे ते माझं घर शोधत होते. आणि तिथंच फरशीवर बसून जी रडायला लागली ती काही केल्या थांबेना. महिनाभर रडली नव्हती रे ती. शाळेत बायका दम्हूजीसाठी छाती पिटून रडत होत्या आणि हिला मात्र फळ्यावर लिहावं लागत होतं. मी तिला धरून बसले. मग डोळे पुसून म्हणाली की वाट कुणी डाव्या कानात सांगितली असेल, तरीच चुकले, आणि आम्ही दोघी हसायला लागलो. मी तिला वाढलं, दोनदा वाढलं. मग सगळं सामसूम बघून मागच्या दाराने सोडली.

म्हणून तुझ्या कागदावर मी सही करणार नाही. मी नाही म्हटलं की ती माणसं दमियातच्या गल्ल्या पालथ्या घालतील, आणि मुलगी जाईल. माझ्याकडून न्यायला काय उरलंय? दारावरचा हात तर गेलाच. चाळिसाव्याला मी त्या खुर्चीवर बसणार आहे.

काल इस्माईलच्या कबरीवर जाऊन आले. त्याला सगळं सविस्तर सांगितलं. मला माफ कर म्हटलं, आणि मग खूप रडले, कारण तो असता तर त्यानेच म्हटलं असतं की बस जाऊन खुर्चीवर. पण तो नाही आणि तू आहेस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, तू खोटं बोलत नाहीस. तुला बोल म्हणतही नाही. फक्त गप्प राहा, एवढं माझ्यासाठी कर.

तुझ्या लोभाची आज पहिल्यांदा भीक मागते आहे.

इन्शिराहताई

◆

बिस्मिल्ला.
शुब्रा, कैरो, १४ एप्रिल १९७७

ती. ताईच्या चरणी फौझीचे सा. सलाम वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि चुलीत घातलं. पहिल्यांदा वाचून मी तुला रागाने चार पानं लिहिली, तीही चुलीत गेली. तहिय्याला सांगितलं तर ती पदराने डोळे पुसत म्हणाली की वन्संना इथं घेऊन या नाहीतर मी तिकडे जाते. मी तिच्यावरही ओरडलो. दहा दिवस घरात कुणाशी धड बोललो नाही. चाळिसाव्याला आलो नाही, कारण तुला त्या खुर्चीवर बसलेलं बघून मी काय केलं असतं हे माझं मलाच कळत नव्हतं.

आज सकाळी संपादक घरी आला. फोटोवाला बरोबर. खाली मोटार, आत आणखी दोघं. म्हणाला, तुमच्या खुलाशाची वाट पाहून कंटाळलो, तुमची बहीण चाळिसाव्याला खुर्चीवर बसली, पण तोंडातून शब्द काढला नाही, आता आम्ही दमियातलाच निघालोय, जाता जाता शेवटचं विचारावं म्हटलं. मी गप्प राहिलो. तू मागितलं होतंस तसा अगदी गप्प. तर तो उठलाच. म्हणाला, तुम्ही बोलत नाही याचा अर्थ ती बाई दमियातलीच, आणि जिन्याकडे निघाला.

ताई, मी आयुष्यात एकदाही खोटी साक्ष दिलेली नाही. खोटं बोललं की कान पिळणारा बाबांचा हात अजून कानाला जाणवतो. पण तो दोन पायऱ्या उतरला आणि माझ्या डोळ्यांपुढे ती आठ वर्षांची पोर उभी राहिली, मी जिला पाहिलेलंही नाही, आणि तिच्यासमोर ती टपलेली म्हातारी. मी त्याला हाक मारली. परत बोलावलं, बसवलं. तहिय्या चहाचा ट्रे घेऊन दारात थिजल्यासारखी उभी. मी म्हटलं, शौकीचा निकाह माझ्या बहिणीशी झाला, मी स्वतः हजर होतो. गुरुवारी दमियातला उतरायचा तो दुसरी गाडी करून झिफ्त्याला यायचा, ड्रायव्हरला कळू नये म्हणून. त्याने सगळं लिहून घेतलं. फोटोवाल्याने माझा फोटो काढला. मग संपादकाने विचारलं, म्हणजे शौकी दम्हूजी तुमचे कोण?

मी म्हटलं, मेहुणे. आणि काय झालं कुणास ठाऊक, मला रडू फुटलं, फोटोवाल्यासमोर, आणि ते खोटं नव्हतं.

त्यांनी मोटार फिरवली. उद्या तुझ्याकडे येताहेत. अल्लापुढे जे उत्तर द्यायचं ते मी देईन, तू काळजी करू नकोस. मी आणि तहिय्या आज संध्याकाळच्या गाडीने निघतोय. हे पत्र ओळखीच्या कंडक्टरच्या हाती पुढे पाठवतो आहे, म्हणजे दार ठोकलं तर तू घाबरणार नाहीस. त्यांनी काही विचारलंच तर तू आत बस, बोलायला मी आहे.

धाकट्यावर माया आहेच, आज अंथरुणंही दोन जास्त घाल.

तुझा
फौझी